‘टाळं’ गायलो ती संध्याकाळ

पप्पा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातही कधी बोललो नाही. आज लिहितोय, कारण काल डोंबिवलीत जे झालं ते घरात कुणाला सांगता येत नाही आणि आत ठेवलं तर श्वास पुरत नाही. सकाळपासून तीनदा बसलो, तीनदा उठलो.

आमचा बँड तुम्हाला आठवत असेल. ‘तुमचा तो आरडाओरडा’ म्हणायचात. कॉलेजातले आम्ही चौघं, मी गाणारा. ड्रमवाल्या मित्राच्या काकांचा डोंबिवलीत गाळा होता, रविवारी तो रिकामा असायचा, तिथे शटर खाली ओढून आम्ही वाजवायचो. धड कुणालाच वाजवता येत नव्हतं. पंक म्युझिकला ते लागतही नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो, तीन कॉर्ड आले पाहिजेत आणि राग आला पाहिजे. राग माझ्याकडे होता. तुमची ठाण्याची कंपनी बंद पडलेली, गेटला टाळं लागलेलं, आणि तेवीस वर्षं लेथवर उभे राहिलेले तुम्ही विठ्ठलवाडीच्या आपल्या खोलीत चांगला चालणारा रेडिओ खोलून पुन्हा जोडत बसायचात. त्यावर मी ‘टाळं’ लिहिलं. आमचं सगळ्यात चाललेलं गाणं. मित्रांना वाटायचं, मी पेपरात वाचून लिहिलंय. त्यांना मी सांगितलेलं की माझे वडील ऑफिसात साहेब आहेत. म्हणून त्यांना कधी घरी आणलं नाही.

मग तुम्हाला वर्तकनगरच्या बाजूला एका कॉम्प्लेक्समध्ये काम मिळालं. ‘सुपरवायझर,’ तुम्ही म्हणालात. आई तुमचा निळा शर्ट चाळीच्या दोरीवर न घालता घरात दाराआड वाळत घालायची, त्यावरून मला काय ते कळलं. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाहीत.

आमच्या गिटारवाल्याने त्याच्या सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात आम्हाला वीस मिनिटं मिळवून दिली. ती सोसायटी तुमचीच, हे मला गेटवर पोचल्यावर कळलं. टेम्पोतून ड्रम उतरवतोय आणि समोर तुम्ही, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. तुम्ही माझ्याकडे एकदाच बघितलंत. मी खाली बघितलं. तुम्ही रजिस्टर पुढे सरकवलंत, म्हणालात, “एन्ट्री करा.” मी फक्त नाव लिहिलं, आडनाव लिहिलं नाही.

तिसरं गाणं ‘टाळं’. पुढच्या खुर्च्यांवरचे आजोबा कानांवर हात ठेवून बसलेत, मागे पोरं नाचतायत, मी बेंबीच्या देठापासून ओरडतोय की हात आमचे आणि टाळं तुमचं. आणि खुर्च्यांच्या कडेकडेने तुम्ही येताय. स्टेजशी येऊन मान वर करून म्हणताय, “साहेब, सेक्रेटरींनी सांगितलंय, बंद करा.” पप्पा, मला म्हणालात. साहेब. माझ्या हातात माइक होता. मी त्यात म्हणालो, “ए वॉचमन, तुझं काम गेटवर. जा, गेट सांभाळ.”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी “वॉचमन! वॉचमन!” सुरू केलं आणि सगळ्यांनी उचललं. तुम्ही मग वळलात, भिंतीवरच्या बोर्डाशी गेलात आणि मेन स्विच बंद केलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि काळ्या टेपचं बंडल माझ्याकडे सरकवलंत. “माइकची वायर सोललीये तुझी. घामेजल्या हाताने धरतोस. शॉक बसेल.” मी “हो” म्हणालो आणि आंघोळीला गेलो. बोलायची वेळ तीच होती. तुम्ही पुढे दहा वर्षं होतात, पण वेळ तीच होती.

बँड मोडला, नोकऱ्या लागल्या, पण तो किस्सा राहिला. आम्ही कुठेही भेटलो की गिटारवाला उठून उभा राहतो आणि माझी नक्कल करतो, “ए वॉचमन!” सगळे हसतात. मीही हसतो. तुम्ही गेलात, तुमचं पुण्यानुमोदन होऊन महिना झालेला, एका लग्नात भेटलो, तेव्हाही हसलो.

काल खूप वर्षांनी वाजवायला जमलो. पुढच्या शनिवारी कुणाच्यातरी हॉटेलात छोटा कार्यक्रम ठरलाय. गिटारवाला म्हणाला, “‘टाळं’च्या मध्ये तो वॉचमनवाला डायलॉग मारायचाच हां.” मी हसायला तोंड उघडलं आणि निघालं वेगळंच. म्हटलं, “ते माझे वडील होते.”

“काय मस्करी करतो, यार,” तो म्हणाला. माझं तोंड बघून त्याने गिटार खाली ठेवली.

ड्रमवाला खाली बघत म्हणाला, “मला माहितीय.”

त्या संध्याकाळी टेम्पो भरताना तो तुमच्याकडे आलेला, म्हणे. म्हणाला, “काका, सॉरी, तो असा नाहीये.” आणि तुम्ही म्हणालात, “कसा आहे ते मला ठाऊक आहे, माझाच आहे. मी हे सांगितलं, हे त्याला कळू देऊ नका. त्याला जेवण जाणार नाही.”

मी त्याला विचारलं, “एवढी वर्षं बोलला का नाहीस?”

“काकांना शब्द दिलेला रे. आणि तू तर हसायचास. मला वाटलं, तुला चालतंय.”

मला चालतंय. पप्पा, त्या रात्री मी जेवलेलो. आईने बोंबील केलेले, मी दोनदा वाढून घेतलेले, आणि तुम्ही समोर बसून बघत होतात. कालपासून मला तेवढंच दिसतंय. काय करू सांगा. कुणाच्या पाया पडू? तुम्ही एकदा शिवी दिली असतीत, कानाखाली मारली असतीत, तर मला धरायला काहीतरी राहिलं असतं. माफ केलंत तेही परस्पर, मला न विचारता, आणि आता ते परत करायलाही जागा नाही.

हा कागद कुठे जाणार नाही, संध्याकाळपर्यंत मीच फाडीन. आणि लिहून मी सुधारलो असं समजू नका. आमच्या सोसायटीच्या गेटवर एक जण बसतात, तुम्ही तेव्हा होतात त्याच वयाचे. सकाळी मला बघून हात वर करतात. मी फोन कानाला लावून पुढे निघतो. आजही तसाच निघालो. फोनवर कुणीच नव्हतं.