राजसच्या गाडीची चाकं सरळ झाली त्याबद्दल

भोईवाडा, परळ
९ एप्रिल

ती. सुमतीआत्यांस मनवाचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना बंद केलाय ना, मग गच्चीवरची रोपं दुसऱ्या कुणाला पाहू द्या. बडोद्यात ऊन वाढलं असेल. इकडे सगळे बरे आहेत, पप्पा जरा जास्तच बरे. (फोनवर हे सांगता येत नाही, ते स्पीकर लावतात.)

आधी एक दुरुस्ती. मला बघायला आलेल्या राजसच्या गाडीची चाकं खड्ड्यांनी वाकली होती आणि पप्पांनी ती गुपचूप सरळ करून आणली, असं मी मागच्या पत्रात मोठ्या कौतुकाने लिहिलं. सरळ करून आणली हे खरं. वाकलेली मात्र नव्हती. त्याने ती मुद्दाम तिरकी ठेवली होती, वरच्या बाजूने आत झुकलेली. ह्याला कॅम्बर म्हणतात. (मी हे आत्ता वाचलं, आधी वाचायला हवं होतं.) राजस सुट्टीत रेसच्या ट्रॅकवर गाडी चालवतो. वेगात वळताना गाडी बाहेर कलते, तेव्हा असं झुकलेलं चाक रस्त्यावर नीट सपाट टेकतं. सरळ चाक नुसतं कडेवर उभं राहतं आणि गाडी वळणाबाहेर घसरते. तो तिरकेपणा जमवायला राजसला अख्खा हिवाळा लागला. पप्पांना तो घालवायला तासभर पुरला.

झालं असं, की आमच्या आवारात गाड्या एकामागे एक लागतात, म्हणून पाहुणेसुद्धा किल्ली दारातल्या खुंटीला लावतात. पप्पा गाडी जरा पुढे घेतो म्हणून खाली गेले, चाकं पाहून कळवळले आणि थेट करी रोडला अलाइनमेंटवाल्याकडे पोचले. (आपल्या घरून पाहुणा लंगडत जाणं त्यांना पटेना.) तोवर मी राजसला तिसऱ्यांदा भानोलं वाढत होते. परतल्यावर दारातच माझ्या कानाशी म्हणाले, "सरळ करून आणली. बोलायचं नाही हं, मनू. पाहुण्यासाठी केलेलं पाहुण्याला ऐकवायचं नसतं." हे तर तुम्ही दोघांनीच मला शिकवलंय. मी चौथ्यांदा भानोलं वाढायला आत गेले.

राजसच्या अजून लक्षात आलेलं नाही. गाडीत बसलेल्याला चाकं दिसत नाहीत, आणि उतरला की तो फोनवर माझ्याशीच बोलत असतो. काल म्हणाला, "तुमच्याकडून आल्यापासून वळणावर हात चुकतोय यार. गाडी बाहेरच जाते. आई म्हणते, मेल्या, प्रेमात पडलायस!" मी "हो का?" म्हणाले. (दुसरं काय म्हणणार?)

एकोणीस तारखेला त्याची शर्यत आहे. सांगितलं नाही, तर पहिल्याच वळणावर घसरेल. सांगितलं, तर पप्पांचा शब्द मोडतो, आणि त्याच्या प्रेमाला करी रोडचं कारण सापडतं. आणि आत्या, मला तो फार आवडलाय.

तुमची आज्ञाधारक,
मनवा

ता. क. पत्र खरं तर एवढ्यासाठीच: पप्पांना फोन करून 'मनूला सांगू दे' असं म्हणाल का? थोरल्या बहिणीपुढे ते बोलत नाहीत.

पुन्हा ता. क. तुमचं उत्तर 'नको' असेल तर सावकाश पाठवा. गाडी शुक्रवारी ट्रेलरवर चढते. मी त्याला गुरुवारी, सोळा तारखेला सांगणार आहे.