बिनपायाचे खांब

मी, चंद्रिका महेश्वर कलशेट्टी, वय चौऱ्याहत्तर, राहणार साखर पेठ, सोलापूर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा येथे संबंध नाही.

१. राहते घर मुलगा रेवणसिद्ध याला, बँकेतली ठेव मुलगी रुपालीला. यावरून भांडू नये. भांडायला या घराला एक चादर पुरली आहे.

२. आमची खांबांची चादर ज्यांवरून मागावर विणली जाई, ते भोके पाडलेले पुठ्ठे नात अपेक्षा हिला. ते रद्दीत घालण्याचा विषय रेवणसिद्धने पुन्हा काढू नये.

३. त्या चादरीपायी दोन भाऊ तुटले. परदेशी पडद्याचे एक चित्र यजमानांकडे आले होते, त्यावर कमळाच्या माथ्याचे जाड खांब. पुठ्ठे पाडण्याआधी नक्षी उतरवायला यजमान ग्राफपेपरवर चौकटी भरत होते, धाकटे दीर वीरभद्रप्पा शेजारी उभे. म्हणाले, "आण्णा, खांबाला पाय कुटं हाय? पडंल की हे." यजमान भडकले. "चित्रात न्हाय ते मी कुटनं आणू? लई शाना हायस, तर येगळा माग घाल." भाऊजींनी खरेच वेगळा माग घातला. यजमानांच्या मातीलाही आले नाहीत.

४. अपेक्षा डिझाइन शिकते. तिने मला मोबाइलवर दाखवले. पूर्वी युरोपातले चित्रकार नावेने इजिप्तमध्ये हिंडले आणि देवळे दिसली तशी काढली. तेव्हा कितीतरी देवळे वाळूत अर्धी गाडलेली होती. चित्रांच्या छापील प्रती तिकडे घरोघर गेल्या, त्यांवरून खुर्च्या, कपबशा, पडदे सजले. आमच्या चित्रातला पडदाही त्यातलाच असावा, असे ती म्हणते. पुढे वाळू उपसली, तर खांबांना पाय होते.

यजमानांनी चित्रात होते तेच काढले. पण भाऊजींनी विचारले तेही बरोबर होते, आणि हे त्यांना सांगायला आता मीच उरले आहे. याचे फार वाईट वाटते.

५. म्हणून अपेक्षाने खांबांना पाय जोडून नवे पुठ्ठे पाडावेत. पहिली चादर भाऊजींना द्यावी. मला मात्र पुरताना जुनी, बिनपायाचीच घालावी. ती यजमानांच्या हातची आहे.

साक्षीला यावे म्हणून भाऊजींना निरोप धाडला आहे. हा कागद त्यांना आधी वाचून दाखवावा.

सोलापूर, दि. ९ जानेवारी २०२५
सही: चंद्रिका म. कलशेट्टी

साक्षीदार:
१. बिरप्पा, शेजारी (सही)
२. वीरभद्रप्पा कलशेट्टी (सही)

वैनी, साक्षीदारानं काय घ्यायचं नसतंय म्हनं, म्हनून चादर नको. पोरीला ग्राफपेपर घिऊन धाडा. पाय मी काढतो.