माळ का घातलीस, ते कळव

ती. आईस, तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, पोटभर जेवतो. तुझी कंबर कशी आहे? पत्र ताईकडून वाचून घे, बाबांना ऐकवू नकोस.

कारखान्यातला मुकादम म्हणाला, तुळशीची माळ काढ, मशीनच्या पट्ट्यात अडकेल. मी म्हटलं, "मग तुमची सोन्याची साखळी नाही का अडकत?" झालं, मला ऑफिसात पाठवलं. तिथल्या बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, धर्माची वस्तू अशी काढायला लावता येत नाही, कायदा आहे, फक्त का घालतोस ते लिहून दे. मी लिहिलं, आईनं घातली म्हणून.

बाई म्हणाल्या, "अरे, हे आईचं झालं. धर्माचं कुठं झालं? महिनाअखेरपर्यंत नीट लिहून आण." तोवर मला मशीनवर घेत नाहीत, खोकी उचलतो. नंतरचं माहीत नाही.

आई, घरी असताना मी ती कितीदा काढून खुंटीला टांगायचो, तू ओरडायचीस. इथं आल्यापासून आंघोळीलाही काढली नाही. का, ते मला लिहिता येत नाही. तू का घातली होतीस, ते ताईला सांगून लवकर लिहून पाठव. मी तेच उतरवून देईन.

माळ अजून गळ्यातच आहे.

तुझा,
धाकटा