छिलक्यांमधली मोकळी जागा

३ जून
पोचलो एकदाचे! मी, बाबा, दोन बॅगा आणि बाबांचं शिलाई मशीन. ते मागे ठेवायचं म्हटलं तर बाबा मशीनवर हात ठेवून बसूनच राहिले. संग्रहालयाचं हे कोठार म्हणजे पूर्वीची शाळा. मोठ्या वर्गात माझं काम, लागूनच आमची खोली, खोलीत भरपूर ऊन. किल्ली देताना मोठ्या मॅडमनी बजावलं, की वडिलांना कामाच्या जागी आणायचं नाही. मी मान डोलावली. आता बाबांना काय कुलपात ठेवू? जन्मभर लोकांचे कपडे शिवले त्यांनी. आता स्वतःच्या शर्टाचं बटण लागत नाही, आणि मला 'बाई' म्हणतात. चालायचंच. जागा मात्र छान आहे.

७ जून
काम म्हणजे पोरखेळच, फक्त फार जुना. लाखो वर्षांपूर्वी कुणीतरी इथल्या नदीकाठी बसून दगडी कुऱ्हाड घडवली. दगडावर दगड हाणला की छिलके उडतात. ते पडले तिथेच मातीखाली राहिले. खोदणाऱ्यांनी प्रत्येकाची जागा टिपून ते उचलले. मी ते वर्गाच्या फरशीवर, खडूच्या चौकटींत, जसेच्या तसे मांडायचे. मग कुठला कुठून निघाला ते जुळवायचं. कुऱ्हाड काही सापडली नाही. पठ्ठ्या घेऊन गेला असणार.

आज मांडणी पुरी झाली आणि मी चक्क टाळी वाजवली. छिलक्यांच्या पसाऱ्यात मधोमध मोकळी जागा! बैठक, आणि पुढे पसरलेले दोन पाय. तो बसला होता तिथे छिलके कुठून पडणार? आकार इतका स्वच्छ, की विचारावंसं वाटलं, काय हो, चहा टाकू का?

११ जून
आज जीव जायचा राहिला. मी कामात, आणि बाबा दार उघडून थेट रस्त्यावर. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला, आणि मग माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. बरोबरच होतं त्याचं.

मॅडमचा नियम गेला चुलीत. बाबांना वर्गात आणून खुर्चीत बसवलं. पाठ वळवली तेवढ्यात ते उठून त्या मोकळ्या जागेत जाऊन बसलेसुद्धा. एक छिलका हलला नाही. बेतून शिवल्यासारखे बसले. मी ओरडणार, तोच त्यांनी मान वर करून मला हाक मारली, ठमे. चष्मा का नाही लावलास म्हणून रागावले. ठमे! किती वर्षांनी. मी फरशीवर बसून ढसाढसा रडले.

१४ जून
आता रोज तिथेच बसवते. बाबांना सगळं आठवतं. आईचं चिडणं, माझ्या शाळेच्या फ्रॉकची तिरकी कॉलर. जागेवरून उठवलं की पुन्हा मी बाई. त्यांनी दगड मागितला, तेव्हा अंगणातले दोन गोटे दिले. बटण न लावता येणारे हात काय सफाईने चालतात! हे काही खरं नाही, कळतंय मला. पण हातात आलेला बाप कोण परत करील?

१८ जून
बाबा उठत नाहीत. काखेत हात घालून ओढलं. हलले नाहीत. वॉचमनला बोलावलं, आधी हसला, मग दोघांनी मिळून जोर लावला. त्याने एकदम हात सोडला, म्हणाला की आजोबा खालून धरलेले आहेत. तेव्हापासून वर्गाकडे फिरकला नाही. डॉक्टर येऊन गेले. म्हातारी माणसं हट्टी असतात म्हणे.

बाबांनी उडवलेले छिलके मी मांडलेल्या छिलक्यांवरच पडतात. नेमके. एकावर एक.

२० जून
मांडणीच मोडायची ठरवलं. छिलके नाहीत तर जागा नाही. डाव्या पायाजवळचे उचलायला लागले. बाबा किंचाळले. बघते तर पायजम्याची डावी बाजू सपाट. आत काही नाही. रिकामं कापड.

खडूच्या खुणा बघून एकेक परत ठेवला. पाय आला. आला परत. देवा, चूक झाली माझी, पदरात घे.

२१ जून
ठमी म्हणत नाहीत. काहीच म्हणत नाहीत. पाणी ओठांवरून ओघळतं. नुसतं टक, टक. बोटं फुटलीत, तरी टक. मॅडम फोन उचलत नाहीत. मी काय करू? बाबा, मी काय करू हो?

२२ जून
त्या जागेला कुणीतरी बसलेलं हवं आहे. बाबाच हवेत असं नाही. कुणीतरी.
मी मागून घट्ट चिकटून बसणार. त्यांना पुढे ढकलणार.

२२ जून, दुपार
सुटले! बाबा सुटले. उभे राहिले आपल्या पायांवर —
मला उठता येत नाही. असू दे. मांडीखाली गार आहे. खालून काहीतरी — असू दे.
लिहीत राहिलं की हात दगडाकडे जात नाही. लिहीत राहायचं.
फोन टेबलावर. पोचत नाही.
बाबा दाराकडे निघालेत. कडी — मी कडी लावली नाही. कशी लावली नाही मी!
हाका मारतेय. वळून बघितलं त्यांनी. हसले, अनोळखी माणसाला हसतात तसे.
अनवाणी आहेत. पायरी उतरले. वॉचमनदादा, धरा त्यांना. कुणीतरी धरा —
हॉर्न वाजतोय —
बाबा थांबा. आधी उजवीकडे बघा. बाबा, उजवी