‘तूला’मधला दीर्घ

३ फेब्रुवारी, सकाळ
जिन्याच्या दारावर नवी पाटी लागली आहे : ‘दार हळु लावा’. हळु! शेवटचा ळू दीर्घ असतो हे माहीत असलेला या इमारतीत मी एकटाच उरलो आहे, आणि मला कोणी विचारत नाही. निषेध म्हणून दार दाणकन लावलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी डोकं बाहेर काढून विचारलं, वाचता येत नाही का हो? मला! छापखान्यात सव्वीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या माणसाला!

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
छापखान्यात फुकटचा ताप. शिवणकाम करणाऱ्या त्या बाई आल्या होत्या. नवरा ट्रक चालवायचा, वाटेतल्या थांब्यांवरून यांना पत्रं लिहायचा. मागच्या वर्षी गेला. त्याच्या एकतीस पत्रांची पुस्तिका आम्ही छापून दिली, शंभर प्रती. नातवंडांनी आजोबा फारसे पाहिलेच नाहीत, निदान वाचतील, म्हणून.
बाई म्हणाल्या, पुस्तिका देखणी झालीय. पण यात तो नाही.
मालकांना कळेना. मग म्हणाल्या, तो ‘तूला’ लिहायचा. ‘तूझी आठवण येते’ लिहायचा. बोलायचाही तसाच, लांबवून. तुम्ही सगळीकडे ‘तुला’ केलंत.
मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे नियम सांगितला : ‘तू’ एकटा असला की दीर्घ, पुढे काही जोडलं की ऱ्हस्व. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. पटलं असावं. पुस्तिका पिशवीत घालून निघून गेल्या.

४ फेब्रुवारी
नोंदीसाठी : हस्तलिखितावर बाईंनी सूचना लिहिली होती, हे खरं. ‘यात काहि बदलु नये.’ एका ओळीत दोन चुका! अशी सूचना कोण मनावर घेईल? मी ती सूचनासुद्धा दुरुस्त केली होती.

५ फेब्रुवारी
मालक पुस्तिका पुन्हा छापून द्यायला तयार झाले. बाई नको म्हणाल्या. प्रती वाटून झाल्या, आता कुणाकुणाच्या हातातून काढून घेऊ, म्हणाल्या. म्हणजे प्रकरण मिटलं.

८ फेब्रुवारी
मिटलं नाही. मालक दोनदा म्हणाले, एकदा जाऊन भेटून या. पण मी खचणाऱ्यांतला नाही. अपयश म्हणजे पहिलं प्रूफ. चुका दिसतात, त्या दुसऱ्यात काढायच्या. वाक्य झकास जमलंय. टेबलाच्या काचेखाली ठेवलं. संकल्प : बाईंना दिलगिरीचं पत्र, आठवडाभरात. घाबरायचं कारणच काय?

१३ फेब्रुवारी
पत्राचा सातवा खर्डा. ‘माफी’ ठेवावं की ‘क्षमा’? ‘माझ्याकडून चूक झाली’ हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही, कारण मी केलं ते बरोबरच होतं. ते काढलं. मग त्यावर टेकलेली पुढची चार वाक्यंही काढावी लागली. आता ‘स. न.’ आणि खाली माझी सही एवढं उरलंय. निर्दोष आहे.

२० फेब्रुवारी
औषधाच्या खोक्यात घालायचा एक कागद तपासायला आला. दोन्ही बाजू मिळून पानभर मजकूर. एरवी अर्ध्या तासाचं काम. चार दिवस झाले. ‘जेवणानंतर घ्यावी’मधलं ‘घ्यावी’ बरोबर आहे का? बरोबरच आहे. तरी शब्दकोश काढला. मग शब्दकोशातच छपाईची चूक नसेल कशावरून, असं वाटलं. खूण करायला पेन उचललं की बोटं थरथरतात. पंख्याचा वारा थेट टेबलावर येतो, त्यामुळे.

२१ फेब्रुवारी
मालकांनी कागद माझ्यासमोरून उचलला आणि कॉम्प्युटरवरच्या मुलीला दिला. तिनं तासाभरात हातावेगळा केला. चुका राहिल्या असतीलच. मी बघायला गेलो नाही. (दोन राहिल्या होत्या.)

२ मार्च
आज बाईंच्या दुकानापर्यंत गेलो. म्हणजे कोपऱ्यापर्यंत. समोरच्या फुटपाथवरून पाहिलं : काचेमागे मशीन, त्यावर वाकलेल्या बाई, दोरीला टाचलेले कपडे. गिऱ्हाईक होतं, म्हणून आत गेलो नाही. गिऱ्हाईक गेलं, तेव्हा बाई सुईत दोरा ओवत होत्या, मध्येच बोलणं बरं दिसत नाही. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. ही पाहणी होती. पाहणी यशस्वी झाली.

५ मार्च
पुन्हा पाहणी.

९ मार्च
मालकांनी मला पाकिटांवर पत्ते चिकटवायला बसवलंय. तात्पुरतं, म्हणाले. पत्ते आधीच छापलेले असतात, त्यात माझं डोकं चालवायला वाव नाही. शेजारी बसणारा बाइंडर तोंडाचा फटकळ. म्हणाला, मास्तर, एक विचारू? तो ट्रकवाला काय तुमच्याकडे परीक्षेला बसला होता? मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, मग बरोबर. तत्त्वाला चिकटवा आणि पाठवून द्या.
माझ्याच ओळखीच्या माणसांत माझी ही किंमत. काचेखालचं ते वाक्य काढून टाकलं. छापून वाटलेल्या पुस्तकाला दुसरं प्रूफ नसतं.

१४ मार्च
घरी आलो तर कुलूप. ही बहिणीकडे गेली होती. निरोप काय, तर शेजारणीजवळ तोंडी. ती परतल्यावर मी कुरकुरलो, दोन ओळी लिहून दारात अडकवल्या असत्या तर?
ही हसली. हसणं बरं वाटलं नाही. म्हणाली, लग्न ठरल्यावर मी तुम्हाला एक पत्र लिहिलं होतं, आठवतंय?
आठवतंय. चार पानी.
तुम्ही ते लाल शाईत तपासून परत पाठवलंत. वर लिहिलंत, ‘आशय उत्तम’. त्यानंतर मी तुम्हाला कधी काही लिहिलंय?
मी म्हटलं, असेल की. ही स्वयंपाकघरात गेली. मी कपाट उघडलं, ड्रॉवर उघडले, जुनी बॅग खाली काढली. हिच्या हाताची एक ओळ सापडली नाही. वाणसामानाची यादीसुद्धा नाही. ती मला तोंडी सांगते, मी लिहून घेतो. शुद्ध.
बाईंकडे निदान एकतीस पत्रं होती.

१५ मार्च
जेवलो नाही. हिनं कारण विचारलं नाही. सांगताही आलं नसतं.

१७ मार्च, दुपार
दुकानात गिऱ्हाईक होतं. तरी गेलो.
पाठ करून गेलेलं काही आठवलं नाही. म्हटलं, बाई, तुम्ही लिहिलं होतं बदलू नये, मी बदललं. बाईंनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, हे तेव्हाच म्हणाला असतात तर एवढे दिवस समोरच्या फुटपाथवर उभं राहावं लागलं नसतं.
पुस्तिका आहे का, विचारलं. म्हणाल्या, माझी एक आहे. नव्व्याण्णव बाहेर गेल्या.
ती एक आणि पत्रांची मूळ बाडं घेऊन स्टुलावर बसलो. ब्लेडच्या टोकानं छापलेला ऱ्हस्व खरवडायचा, तिथं काळ्या शाईनं दीर्घ काढायचा. तूला. तूझं. तूझ्यासाठी. बोटं थरथरत होती. वरती पंखा नव्हता. बाईंचं मशीन चालू होतं. मध्ये एकदा त्या उठल्या, मागून वाकून बघितलं, म्हणाल्या, हे ‘तुटला’ आहे. पट्टा तुटला. हे त्यानं बरोबर लिहिलं होतं.
मी तिथंही दीर्घ करून ठेवला होता. आता पुन्हा खरवडलं असतं तर कागद फाटला असता. काय करू, विचारलं. राहू द्या, म्हणाल्या, आणि परत जाऊन बसल्या.
आयुष्यात पहिल्यांदा, दिसणारी चूक तशीच ठेवून पान उलटलं.
शाई वाळल्यावर पुस्तिका त्यांच्या हातात दिली. त्यांनी मधलंच एक पान उघडलं, ओठ हलवत वाचलं. एका जागी ओठ जरा जास्त वेळ पुढे राहिले. मिटून फळीवर ठेवली. मी थांबलो नाही.
एकशे बासष्ट ऊकार घेतले होते, ते परत केले. एक जास्तीचा गेला.