चौतीस वेळा ‘ये ना खाली’

तीर्थरूप मावशी,

तुझ्या या मोठ्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? काकांनी कानाचं यंत्र लावायला सुरुवात केली, की अजून सोयीप्रमाणेच ऐकतात? इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे, मी बरा आहे आणि मला कुणाचाही हेवा वाटत नाही. हे शेवटचं मुद्दाम लिहितोय, कारण मागच्या खेपेला फोनवर तू म्हणालीस की माझा आवाज जळका येतोय. मावशी, फोन जुना झालाय, दुसरं काही नाही. म्हणून या वेळी पत्र.

पत्राचा विषय अर्थात धाकट्या. (बाहेरच्या जगाला त्याचं दुसरं, चकचकीत नाव ठाऊक आहे. पण तो माझ्याहून अकरा दिवसांनी लहान आहे, तेव्हा पोस्टरवर तीन मजली झाला तरी मला तो धाकट्याच.) तू त्याची आई, त्यामुळे त्याची बाजू तुला कळलीच असेल. आता माझीही ऐक. जरा लांब आहे, पण माझं सगळंच लांब असतं, हीच तर तक्रार होती सगळ्यांची.

तुमच्या गॅरेजमध्ये आम्ही ते गाणं बसवत होतो, तेव्हा तू दोनदा येऊन विचारलं होतंस, संपलं का रे? बारा मिनिटांचं गाणं, सात भाग. एक माणूस तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून रस्ता बघतोय आणि रस्त्यावरचं कुणीही वर बघत नाही. अकराव्या मिनिटाला खालून एक हाक येते, ‘ये ना खाली’. एकदाच. तो उतरतो की नाही, ते आम्ही सांगत नाही. चौदा महिने लागले मला ते लिहायला. धाकट्याने चाल लावायला मदत केली. (म्हणजे चाल त्याने लावली, मी शेजारी बसून नापसंती दाखवायचो. तेही काम असतं.) कोपऱ्यावरच्या कॅफेत दर शनिवारी आम्ही ते म्हणायचो. चौथ्या भागापर्यंत वेटर खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायला लागायचे. पण जे चार-पाच लोक उरायचे ते अगदी मनापासून ऐकायचे, किंवा त्यांचं बिल यायचं असायचं.

मग तो निर्माता आला. त्याच्या स्टुडिओत काचेची खोली होती, आत इतकी थंडी की गिटार बेसूर व्हायची. त्याने पूर्ण बारा मिनिटं ऐकलं, हे मी मान्य करतो. मग म्हणाला, “फार सुंदर आहे. ती हाक कधी येते?”

“अकराव्या मिनिटाला,” मी म्हणालो.

“ती पंधराव्या सेकंदाला आणता येईल का?”

मी त्याला समजावलं की हाक लवकर आली तर एकटेपणा कुठून येणार. तो म्हणाला, “एकटेपणा लोकांकडे घरचा असतो, आपण कशाला पुरवायचा?” यावर धाकट्या हसला. मावशी, मला तिथंच कळलं. मी उठलो, म्हणालो, मी विकाऊ नाही (मला कुणी विकत मागितलं नव्हतं, हे खरं), आणि ताडताड निघून गेलो. धाकट्या पायऱ्यांपर्यंत मागे आला. “थांब ना मोठ्या. आधी लोकांना दार तरी उघडू दे, मग आत नेऊन सगळं दाखवू,” म्हणाला. मी मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर दहा मिनिटांनी गिटार विसरल्यामुळे मला परत जावं लागलं. तेव्हा तो काचेपलीकडे डोळे मिटून गात होता आणि निर्माता मान डोलवत होता. मी पाय न वाजवता गिटार उचलली. दुसऱ्याच दिवशी रजिस्टर पत्र पाठवून कळवलं की या गाण्यावर माझं नाव येता कामा नये, आणि कधीही, कुठेही, कुणीही ते उच्चारू नये. ते पत्र मी चार वेळा लिहून काढलं होतं, इतकं चांगलं झालं होतं.

पुढचं जगाला माहीत आहे. अडीच मिनिटांच्या त्या गाण्यात ‘ये ना खाली’ चौतीस वेळा येतं. मी मोजलंय. लिफ्टमध्ये ते लागतं (आणि लिफ्ट वर जात असते). बँकेला फोन केला की थांबवून ठेवतात तेव्हा ते लागतं. मी इकडे लाँड्रीच्या वरच्या खोलीत गिटार शिकवतो; खालून वाफ येते, त्यामुळे माझे विद्यार्थी घामाघूम पण सुरकुत्या नसलेले असतात. त्यातला प्रत्येक जण पहिल्याच दिवशी म्हणतो, ते शिकवा ना. तीन वर्षं मी माझंच गाणं, हातपाय तोडलेलं, लोकांना शिकवतोय. माझे सगळ्यात जुने विद्यार्थी म्हणजे एक दातांचे डॉक्टर. ते दवाखान्यातही तेच लावतात. एकदा न राहवून मी त्यांना सांगितलं की हे गाणं मी लिहिलंय. त्यांनी माझ्याकडे, भूल न घेता दात काढून मागणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, “सर, विश्रांती घेत जा.”

तर गेल्या रविवारी याच डॉक्टरांकडे एक तिकीट उरलं, कारण त्यांच्या बायकोला ताप आला. धाकट्याचा कार्यक्रम, मोठ्या मैदानात, संध्याकाळी पाचला. मी नाही म्हणालो. मग विचार केला की एखादा किती घसरला हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय बोलणं अन्यायाचं होईल, आणि हो म्हणालो. कुणी ओळखू नये म्हणून टोपी घातली, आईचा वाचायचा चष्मा लावला. (कुणी ओळखायचा प्रश्नच नव्हता, हे तिथं गेल्यावर कळलं. चष्म्यामुळे मलाच तीन वेळा खांब माणसं वाटले, त्यातल्या एकाला मी सॉरीही म्हणालो.) मंचावर सोळा नाचणारे, धूर, प्रकाशाचे झोत, आणि मध्ये आपला धाकट्या, चांदीच्या वेष्टनात गुंडाळल्यासारखा. ते गाणं सुरू झालं आणि वीस हजार लोक किंचाळले. मी दोन्ही हात वर नेले, कानांवर ठेवायला. नेमका त्याच क्षणी कॅमेरा आमच्याकडे वळला. समोरच्या प्रचंड पडद्यावर मी, हात वर, डोळे मिटलेले, तोंड वेदनेने उघडं. आणि खरं सांगतो मावशी, वेदना आणि भक्ती यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी त्याचं चित्रण केलंय. ते आता दवाखान्यातल्या टीव्हीवर असतं.

मी निघणारच होतो. पण शेवटच्या गाण्याआधी धाकट्याने नाचणाऱ्यांना आत पाठवलं, धूर बंद करायला लावला, एक साधं स्टूल ओढलं आणि गिटार घेऊन बसला. “ज्यांना पाणी पिऊन यायचंय त्यांनी या,” म्हणाला. लोक खरंच उठले. डॉक्टरही उठले. आणि तो चौथा भाग गायला लागला. आपला चौथा भाग, मावशी, पूर्ण, त्याच संथ लयीत. जिन्यात कुणाचं पाऊल वाजतं, खिडकीतल्या माणसाला वाटतं की ते आपल्या दाराशी थांबेल. अर्धं मैदान खाण्याच्या स्टॉलपुढे रांगेत उभं होतं, मुलं रडत होती, कुणीतरी फोनवर गाडी कुठे लावली ते विचारत होतं. तो गात होता. मी चष्मा काढला, कारण त्यातून नीट दिसेना.

शेजारी आवाजाची व्यवस्था बघणारा साउंडवाला डबा खात होता. मी विचारलं, हे रोज असतं का?

“प्रत्येक कार्यक्रमात. मॅनेजर डोकं आपटून घेतो. पण यांनी करारातच घालून घेतलंय, ही चार मिनिटं मिळणार असतील तरच बाकीचं गाईन म्हणून.”

“कुणाचं गाणं आहे?”

“त्यांच्या भावाचं म्हणे. पण नाव घ्यायला बंदी आहे.”

“कुणाची?”

“भावाचीच,” तो म्हणाला. “विक्षिप्त दिसतोय.”

मावशी, आजवर आमची सरळ वाटणी होती. यश त्याच्याकडे, निष्ठा माझ्याकडे. मी त्यावर तीन वर्षं काढली. आता निष्ठाही त्याच्याकडेच निघाली, आणि तीही वीस हजार लोकांसमोर. मी ती कुणासमोर दाखवली? चार वेटर आणि एक रजिस्टर पत्र. मग माझ्याकडे राहिलं काय? दातांचे डॉक्टर. आधी मला फक्त त्याच्या गाडीचा राग यायचा (तोही नाही, कारण हेवा नाही हे वर लिहिलंच आहे). आता त्याच्या स्टुलाचाही येतो.

असो. काकांना नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझा,
मोठ्या

ता. क. हे पत्र त्याला वाचून दाखवू नकोस. दाखवलंच तर पडद्याचा भाग गाळ. फक्त एवढं सांग की चौथ्या भागात तो एक शब्द चुकतो. ‘पाऊल वर निघून गेलं’ असं आहे. तो ‘परत निघून गेलं’ म्हणतो. वर गेलं म्हणजे ते त्याच्यासाठी नव्हतंच. परत गेलं म्हणजे कुणीतरी आलं होतं आणि दार न वाजवता फिरलं. सगळा अर्थच बदलतो. हे फोनवर समजणार नाही, समोर बसून दाखवावं लागेल. मला मंगळवार सोडून सगळे दिवस मोकळे आहेत. मंगळवारही मोकळाच आहे.

ता. क. दोन. तुझ्यापाशी खोटं नको. मागच्या वर्षी मी दाढीच्या साबणाच्या जाहिरातीसाठी एक गाणं करून दिलं होतं. त्यांनी ते नाकारलं. ऐकल्यावर माणसाला दाढी करावीशीच वाटत नाही, म्हणाले. हे मात्र त्याला अजिबात सांगू नकोस.

ता. क. तीन. पत्र टाकायला खाली उतरलो तर लाँड्रीवाल्याने आपला मोबाइल पुढे केला. धाकट्याबरोबरचा फोटो, आमच्याच जिन्याच्या तोंडाशी, गेल्या वर्षीचा. म्हणाला, “अर्धा जिना चढले होते, वर तुमचा क्लास चालू होता. थोडा वेळ ऐकलं आणि उतरले.” वर्षभर हा माणूस माझे शर्ट इस्त्री करतोय आणि बोलला नाही! तर मावशी, तो ‘परत’ आहे तसाच राहू दे. पण यायला सांग.

ता. क. चार. आत्ता पाकीट चिकटवताना त्याचाच फोन आला. साउंडवाल्याने सांगितलं असणार किंवा पडद्यावर दिसलो असेन. लगेच उचलला तर वाट बघत होतो असं वाटेल, म्हणून मी सात वेळा वाजू दिला. मग बंद झाला. त्याला आता अर्धा तास झाला, तो परत करत नाहीये. मावशी, कृपा करून त्याला सांग, मी आंघोळीला गेलो होतो.