पाहुण्याला तोड माफ

बाभुळगाव,
९ डिसेंबर २००६

प्रिय सलील,

…आणि लाल दिवा एकही सोंगटी न मारता सरळ आतल्या घरात शिरला. बाबांचा डावा अंगठा बटणावर तसाच राहिला.

तुझं इलेक्ट्रॉनिक अष्टचंग पोचलं. काम स्वच्छ आहे. चिंचोक्यांऐवजी बटण, सोंगट्यांऐवजी दिवे. लकव्यानं बाबांचा उजवा हात गेला तरी त्यांना खेळता येतं. हिरवा दिवा त्यांचा, पिवळा माझा. लाल तुझा, आणि तो यंत्र स्वतःच चालवतं. तुझ्या जागेची सोय तू अशी केलीस.

आधी बिघाड वाटला. समोरच्याची सोंगटी तोडल्याशिवाय आत जाता येत नाही, हे तुला कोणी शिकवायला नको. मी तुझी तोडली की तू पायानं पट पुसून टाकायचास. मग सोबतची चिठ्ठी नीट वाचली. ‘लाल: पाहुणा.’

पाहुण्याचा तो नियम बाबांचा, आपल्या ओसरीपुरता. कापूस घेऊन आलेले गाडीवान खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत आपल्याकडे टेकायचे. हाक आली की त्यांच्यातला धरमसिंग डाव टाकून बैलांकडे पळायचा. ज्याला थांबायला वेळ नाही, त्याला तोड माफ. यंदाही गाड्या आठ-आठ दिवस उभ्या असतात, पण डाव मांडायचं कोणाच्या मनात येत नाही. घरच्या माणसाला ही सूट कधीच नव्हती. स्वतःच्या दिव्याला पाहुणा लिहिणं तुला गंमत वाटली असेल. बाबांनी चिठ्ठी माझ्या हातून घेतली आणि एवढंच विचारलं, “सलील पाव्हना कवापासून झाला वं?” पाळी तुझी होती, यंत्र खेळत राहिलं.

दसऱ्यापासून तुला तीन पत्रं लिहिली. माझी बदली राजूरच्या शाळेत झाली आहे, सोमवारी रुजू व्हायचं आहे. तू इथे येऊन राहा, नाहीतर बाबांना पुण्याला ने, हे तिन्हींत होतं. उत्तर म्हणून हे खोकं आलं. चौथ्यांदा विचारायला बसले होते. विचारत नाही. बाबा माझ्याबरोबर येत आहेत, घर बंद होत आहे, एवढं कळवायला हे पत्र.

तुझीच,
भैरवीताई

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी कुलूप बाबांनीच लावलं. वेळ लागला. किल्ली शेजारी कौसल्याकाकूंकडे आहे.